जर्मनीत मास्टर्स करायचंय? आधी स्वतःचा सिलॅबस उघड

सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने विचारलं आहे: "सीजीपीए ७.६ आहे. एक केटी लागली होती, ती सुटली. वडिलांची द्राक्षबाग आहे, आम्ही फार श्रीमंत नाही. जर्मनीत शिक्षण फुकट असतं हे कितपत खरं? गावातले एक सल्लागार दीड लाख मागतायत आणि तिथल्या एका खासगी विद्यापीठात नक्की काम होईल म्हणतात. त्यांच्याशिवाय जमेल का? आणि सुरुवात कधी करायची?"

जमेल. दीड लाख देऊ नकोस. मी पुण्यात बरीच वर्षं मुलांच्या परदेशी प्रवेशाचंच काम करते, तरी हे सांगते, कारण जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांचे अर्ज मुलांनी स्वतः भरावेत असं माझं ठाम मत आहे. सल्लागार खासगी विद्यापीठाचंच नाव का घेतो, तेही आधी समजून घे. सरकारी विद्यापीठ एजंटाला कमिशन देत नाही, खासगी देतं. सगळी खासगी विद्यापीठं वाईट असतात असं नाही, पण वर्षाला दहा-बारा हजार युरो फी भरून जायचं असेल तर जर्मनीच का निवडायची, याचं उत्तर तुझ्याकडे हवं. त्यात एखादा कोर्स अर्धाअधिक ऑनलाइन निघाला, तर व्हिसाच्या वेळीच अडचण उभी राहते.

आता "फुकट"चा खरा अर्थ. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही. दर सेमिस्टरला शे-दीडशे ते साडेतीनशे युरोपर्यंत वर्गणी भरावी लागते, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचा पास येतो. अपवाद मात्र पक्के लक्षात ठेव. बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ही सगळी त्यात आली. टीयू (टेक्निकल युनिव्हर्सिटी) म्युनिकने २०२४-२५ पासून आपल्यासारख्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो फी लावली आहे. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून ही विद्यापीठं "फ्री" म्हणूनच मिरवतात.

राहण्या-खाण्याचा खर्च तर आहेच. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासूनचा हा आकडा आहे, अर्ज करताना पुन्हा तपासून घे. युरो शंभर रुपयांना धरला तरी जवळपास बारा लाख झाले. हे पैसे कुणाला द्यायचे नसतात. तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो तुझ्याच खात्यात येत राहतात. आखेन, केमनिट्झ, माग्डेबुर्गसारख्या गावांत त्यात भागतं, म्युनिकमध्ये ओढाताण होते. आरोग्य विम्याचेच महिन्याला सव्वाशे ते दीडशे युरो जातात, हे घरच्या हिशेबात बहुतेक जण धरत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेचे अर्ज पाहून आपल्याकडे असा समज झाला आहे की भारी एसओपी (हाच कोर्स का करायचाय हे सांगणारा निबंध), तीन शिफारसपत्रं आणि थोडं नशीब असलं की प्रवेश मिळतो. जर्मनीत आधी बघतात ते एवढंच की तू बॅचलरला जे शिकलास ते या मास्टर्सच्या पायाला पुरतं का. ते मोजायची त्यांची पद्धत ईसीटीएस क्रेडिटची, म्हणजे युरोपभर चालणाऱ्या क्रेडिटची आहे. पूर्णवेळ अभ्यासाचं एक वर्ष म्हणजे ६० ईसीटीएस, त्यामुळे तुझी चार वर्षांची पदवी २४० ची झाली. आपल्याकडे पदवीला साधारण १६० क्रेडिट असतात. म्हणजे आपलं एक क्रेडिट ढोबळमानाने त्यांच्या दीड क्रेडिटएवढं.

हे कागदावर कसं करायचं ते दाखवते. समजा, एनर्जी इंजिनिअरिंगच्या एखाद्या कोर्सची अट आहे: गणित किमान २० ईसीटीएस, थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स मिळून १५. तुझ्या सिलॅबसमध्ये गणिताचे तीन पेपर आहेत, प्रत्येकी चार क्रेडिटचे. बारा गुणिले दीड, म्हणजे अठरा. दोन कमी पडले. इथे बहुतेक मुलं तो कोर्स सोडून देतात, नाहीतर तसाच अर्ज टाकून नकार घेतात. पण पाचव्या सेमिस्टरला "न्यूमरिकल मेथड्स" हा तीन क्रेडिटचा पेपर तू दिला असशील. तोही गणितच आहे, त्याचे साडेचार झाले. एकूण साडेबावीस. फक्त तो गणितात का धरावा, हे तपासणाऱ्याला कळायला हवं, म्हणून त्या पेपरचा सिलॅबस जोडायचा आणि करिक्युलम अ‍ॅनालिसिसचा फॉर्म (तुझे पेपर त्यांच्या विषयांशी जुळवून दाखवायचा तक्ता) असेल तर त्यात त्याचं नाव गणिताच्या रकान्यात लिहायचं. तुझ्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आठही सेमिस्टरचा सिलॅबस आजच उतरवून घे. तू ज्या बॅचचा आहेस तोच घे, नंतर सुधारलेला चालणार नाही. मी एक संपूर्ण शनिवार-रविवार या एकाच तक्त्यावर घालवायला सांगते. तो तक्ता झाला की कुठे अर्ज करायचा हा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

कोर्स शोधायला डीएएडीच्या (परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणारी जर्मन संस्था) संकेतस्थळावरचा शोध पुरेसा आहे. तिथे इंग्रजी माध्यम, मास्टर्स, विषय, फी अशी गाळणी लावता येते. शेवटचा शब्द मात्र त्या त्या विद्यापीठाच्या पानावरचाच धर. त्या पानावर प्रवेशाच्या नियमांची जर्मन भाषेतली पीडीएफ असते. ती भाषांतर करून वाचायचा कंटाळा करू नकोस, क्रेडिटच्या खऱ्या अटी तिथेच लिहिलेल्या असतात.

मार्कांचं गणितही वेगळं आहे. जर्मनीत १ सर्वांत चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. रूपांतरासाठी बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला सर्वोच्च वजा पास होण्याचे किमान गुण याने भाग, तीनने गुण आणि एक मिळव. तुझ्या ७.६ साठी, पास व्हायला ४ लागत असतील, तर १० वजा ७.६ म्हणजे २.४, त्याला ६ ने भागून ०.४, तीनने गुणून १.२, अधिक एक, म्हणजे २.२. आता तुझ्या विद्यापीठाचा किमान ग्रेड पॉइंट ५ धरला गेला तर हेच उत्तर २.४४ येतं. अनेक कोर्सेसची मर्यादा २.५ असते, म्हणजे तू दोन्ही हिशेबांत आत आहेस, पण ७.२ वाला मुलगा एकात आत आणि दुसऱ्यात बाहेर जातो. म्हणून मार्कशीटच्या मागच्या बाजूला छापलेला ग्रेडचा तक्ता स्कॅन करायला कधीही विसरू नये. पुढचीच बाजू स्कॅन केलेले कितीतरी अर्ज माझ्यासमोर येतात. मागे तक्ता नसेल तर परीक्षा विभागाकडून ग्रेडिंगचं पत्र काढून घे. एका सुटलेल्या केटीची काळजी सोड.

कागदपत्रांत आपल्या मुलांना सर्वांत जास्त त्रास देतं ते नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग मुलाचं, वडिलांचं आणि शेवटी आईचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि नावाच्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव. आईचं नाव तिथे येतच नाही. सगळे अर्ज पासपोर्टप्रमाणेच भर, एकही अक्षर इकडेतिकडे नको. दहावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावाचं एक स्पेलिंग आणि डिग्रीवर दुसरं असेल तर ते आत्ता दुरुस्त कर. विद्यापीठातल्या दुरुस्तीला महिने जातात, आणि ऐन घाईत प्रतिज्ञापत्रांवर निभावताना जीव मेटाकुटीला येतो.

एपीएस प्रमाणपत्र हा पुढचा टप्पा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे, आणि बहुतेक विद्यापीठं प्रवेश अर्जासोबतच मागतात. दिल्लीतलं कार्यालय तुझी शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत का ते तपासून डिजिटल प्रमाणपत्र देतं. फी १८,००० रुपये. शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. चौथ्या वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरमध्येच याला हात घाल, कारण गर्दीच्या हंगामात पडताळणी लांबते आणि तुझ्या हातात काहीच राहत नाही.

त्यानंतर यूनि-असिस्ट. बर्लिनची ही संस्था अनेक विद्यापीठांच्या वतीने परदेशी अर्जांची छाननी करते. एका सेमिस्टरच्या पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. सहा कोर्सेसना अर्ज केलास तर २२५ युरो झाले. छाननीला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी अर्ज गेला पाहिजे. काही विद्यापीठं स्वतःच्या पोर्टलवर थेट अर्ज घेतात आणि त्याचे बहुधा पैसे लागत नाहीत. आणखी काही ठिकाणी यूनि-असिस्टकडून आधी व्हीपीडी नावाचा कागद (तुझी कागदपत्रं तपासून मार्कांचं जर्मन रूपांतर दिलेला दाखला) घेऊन मग विद्यापीठाकडे अर्ज करायचा असतो. कोणाची कोणती रीत, ते तुझ्या तक्त्यात एका रकान्यात लिहून ठेव.

तारखांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. विंटर (ऑक्टोबरच्या) सेमिस्टरची अंतिम तारीख १५ जुलै, असं सगळे सांगतात. ती सर्वसाधारण तारीख आहे. इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्ससाठी, विशेषतः युरोपबाहेरच्यांसाठी, ती बरीच आधी येते. आरडब्ल्यूटीएच आखेनची १ मार्च असते, टीयू म्युनिकची बऱ्याच कोर्सेसना ३१ मे. तुझं आता सहावं सेमिस्टर चालू आहे असं धरते. मग या उन्हाळ्यात सिलॅबसचा तक्ता, पासपोर्ट आणि नावाच्या दुरुस्त्या. पावसाळा संपेपर्यंत आयईएलटीएस, ६.५ बहुतेक ठिकाणी पुरतात, निकाल दोन वर्षं चालतो. दिवाळीच्या आसपास एपीएस. जानेवारीत सातव्या सेमिस्टरचा निकाल हातात येईल तसे अर्ज. मे ते जुलैत उत्तरं येतील.

इथे खरी अडचण आहे ती आपल्या विद्यापीठांच्या निकालाची. आठव्या सेमिस्टरचा निकाल जुलैत लागला आणि प्रोव्हिजनल डिग्री ऑगस्टमध्ये मिळाली, तर ऑक्टोबरला तिथे पोचण्याआधी व्हिसाला फार थोडे आठवडे उरतात. तुझ्या परिस्थितीत मी एक वर्ष थांबायलाही आनंदाने होकार देईन. त्या वर्षात नोकरी कर, जर्मन शीक. जर्मन विद्यापीठ एका वर्षाच्या खंडाला नाक मुरडत नाही, आणि पूर्ण डिग्री हातात असली की अर्जात कसलीच किंतु-परंतु राहत नाही. घरातले लोक "गॅप पडला" म्हणून घाबरतात. त्यांना हे परिच्छेद वाचून दाखव.

जर्मनबद्दल मी आग्रही आहे. कोर्स इंग्रजीत असला तरी मेकॅनिकलची नोकरी बहुतांशी जर्मनमध्येच मिळते. सध्या तिथला वाहन उद्योग आक्रसतो आहे. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करण्याचा करार केला. अशा वेळी बी-टू पातळीचं (भाषेच्या पातळ्या ए-वनपासून सी-टूपर्यंत चढत जातात) जर्मन असलेल्या आणि नसलेल्या मुलांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पुण्यात बोट क्लब रोडवर मॅक्समुलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. सांगलीहून येणं शक्य नसेल तर ऑनलाइन वर्ग आहेत. जाण्याआधी निदान ए-टू पूर्ण कर. बी-वन झालं तर फारच चांगलं.

आणि फक्त ऑटोमोबाइलच्या मागे लागू नकोस. तुझ्या जिल्ह्यात साखर कारखान्यांत बगॅसवर (उसाच्या चिपाडांवर) चालणारे बॉयलर आणि सहवीजनिर्मिती आहे, किर्लोस्करवाडीला पंपांचं काम आहे. त्यातल्या एखाद्या ठिकाणी सहा आठवड्यांची इंटर्नशिप केलीस तर ऊर्जा, फ्लुइड मशिनरी, प्रोसेस इंजिनिअरिंग अशा कोर्सेसना तुझा अर्ज जिवंत होतो. मोटिव्हेशन लेटरमध्ये "लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण" हे वाक्य येऊ देऊ नकोस. बॉयलरच्या धुरातून किती उष्णता वाया जात होती, ती तू कशी मोजलीस, कुठे अडलास, आणि त्यांच्या दुसऱ्या सेमिस्टरमधलं कोणतं मॉड्यूल ती अडचण सोडवायला शिकवतं, हे एका पानात लिही. प्राध्यापक तेच शोधत असतात. नामांकित नऊ टेक्निकल युनिव्हर्सिटींबरोबर दोन-तीन होखशूलेही (प्रत्यक्ष कामावर भर देणारी उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं) यादीत ठेव. तिथे उद्योगाशी संबंध घट्ट असतो आणि प्रबंध कंपनीत करायची संधी चांगली मिळते.

पैशांकडे वळते. अर्ज, एपीएस, आयईएलटीएस, व्हिसा मिळून सत्तर-पंचाहत्तर हजार लागतील. मोठा प्रश्न ब्लॉक्ड अकाउंटच्या बारा लाखांचा आहे. सरकारी बँकांच्या शैक्षणिक कर्जाला साधारण साडेसात लाखांपुढे तारण लागतं, आणि इथे शेतकरी कुटुंबांची मोठी निराशा होते: सातबाऱ्यावरची जमीन बँक तारण घेत नाही. कर्ज थकलं तर तारण जप्त करण्याचा अधिकार बँकेला सरफेसी कायदा देतो, आणि त्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून बागेची किंमत कितीही असो, बँक विचारते एनए प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव, विमा पॉलिसी. वडिलांना हे आधीच समजावून सांग, नाहीतर ऑफर लेटर हातात आल्यावर धावपळ होते. मामा-काकांपैकी कुणाचा शहरात फ्लॅट असेल तर ते बोलणं या दिवाळीत होऊ दे. कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) कापला जात नाही. स्वतःचे पैसे पाठवले तर वर्षाला दहा लाखांवरच्या रकमेवर तो कापतात, आणि आयकर विवरण भरून जमा करून घेता येतो.

राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्या जरूर बघ. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा. मराठा-कुणबी मुलांसाठी राज्य सरकारच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे. ज्या सयाजीरावांच्या बडोदा संस्थानाने १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंड देऊन कोलंबियाला पाठवलं, त्यांचं नाव या योजनेला आहे याचा मला फार आनंद वाटतो. इतर मागास, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही योजना आहेत. जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेतलं विद्यापीठ ही अट महत्त्वाची. आखेन, कार्ल्सरूह, टीयू बर्लिन त्यात बसतात. म्हणजे तुझ्या यादीतल्या निदान दोन जागा या अटीकडे बघून ठरव. जाहिरात निघाल्यापासून मुदत थोडी असते, तेव्हा जात पडताळणी आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेव.

तिथे काम करून खर्च निघेल का? काही प्रमाणात निघतो. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. पण पहिलं सेमिस्टर कामाच्या भरवशावर आखू नकोस. बहुतेक ठिकाणी एका पेपरला तीनच प्रयत्न मिळतात, आणि सक्तीच्या पेपरात तिसऱ्यांदा नापास झालास तर तो कोर्स संपतो. तोच विषय मग जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. आपल्यासारखी कितीही वेळा केटी देत राहायची सोय तिथे नाही. गोदामात रात्रपाळ्या करून पेपर बुडवलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, म्हणून हे जोर देऊन सांगते.

ऑफर आली की त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत नाव नोंदव, रांग मोठी असते. "मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल" असं सांगणाऱ्या घरमालकाला एक युरोही देऊ नकोस.

व्हिसाचा अर्ज आता ऑनलाइन पोर्टलवरून करता येतो, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबईचं कॉन्सुलेट आहे, फी ७५ युरो. पूर्वी नकार आला तर तिथेच फेरविचाराची विनंती करता यायची. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या न्यायालयात जायचं, आणि दोन्हींत सेमिस्टर हातचं जातं. त्यामुळे पोर्टलवर "सबमिट" करण्याआधी एपीएस, ऑफर, ब्लॉक्ड अकाउंटची पावती, विमा आणि मार्कशीटच्या दोन्ही बाजू पुन्हा एकदा कुणा दुसऱ्याकडून तपासून घे. निघताना मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत ठेव, नाव नोंदवताना विद्यापीठ ती मागू शकतं.